सामाईक उपसा योजना : आरंभापूर्वीं ठरविण्याच्या गोष्टी

सुगी आटोपून खळीं रिकामीं झालीं, म्हणजे गांवोगांवच्या ओट्यांवर एक विषय हमखास निघतो. नदी किंवा तलाव खालीं आहे, जमीन वर आहे, मधलें अंतर फार नाहीं. चाळीस-पन्नास खातेदारांनीं एकत्र येऊन पाणी वर चढविलें, तर कोरडवाहू माळाचें बागाईत होईल, हा तो विषय होय. कोणी पंपविक्रेत्याकडून आणलेला खर्चाचा कागद दाखवितो, कोणी कर्जाची सोय सांगतो, आणि पहिल्याच बैठकींत नारळ फोडण्याचा मुहूर्तहि ठरतो. हा उत्साह आम्हांस मोलाचा वाटतो. त्याशिवाय कोणतेंहि सामाईक काम उभें राहत नाहीं. परंतु आपल्या राज्यांत नद्यांच्या कांठीं बंद पडलेलीं पंपघरें आणि मातींत गाडलेले निकामी नळ आजहि दिसतात, आणि पाणी गेलें तरी कर्जाचा बोजा सभासदांच्या सात-बारावर राहतो, हेंहि तितकेंच खरें आहे.

अशा योजना कां मोडल्या याचा शोध घेऊं लागलें, म्हणजे यंत्राचा दोष क्वचितच हातीं लागतो. थकलेलें वीजबिल, ठरल्यापेक्षां अधिक लावलेला ऊंस, शेवटच्या शेतापर्यंत न पोंचलेलें पाणी आणि तोंडीच राहिलेला करार, हींच कारणें पुनः पुनः पुढें येतात. हीं सर्व कारणें नारळ फुटण्यापूर्वींचीं आहेत. ज्या गोष्टी आरंभापूर्वीं बोलण्यास संकोच वाटतो, त्याच गोष्टी कर्ज काढल्यानंतर व नळ गाडल्यानंतर ठरविणें जवळजवळ अशक्य होतें. कारण तोंवर कोणाचें शेत नळाच्या तोंडाशीं आलेलें असतें व कोणाचें शेपटाशीं, आणि दोघांचें हित वेगळें झालेलें असतें. म्हणून प्रस्तुत पाठांत, सामाईक उपसा योजना हातीं घेण्यापूर्वीं कोणत्या गोष्टी मोजून, ठरवून व लिहून ठेवाव्या, याचा क्रमवार विचार आम्ही करीत आहों. समजण्यास सोपें जावें म्हणून एक काल्पनिक योजना घेऊन तिचेच आंकडे शेवटपर्यंत वापरूं. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपल्या गांवचे आंकडे घालावे.

१. हेतु

"पाणी आणावयाचें" हा हेतु नव्हे. पाणी हें साधन आहे. हेतु असा लिहावा कीं, वर्षाअखेर तो साधला कीं नाहीं हें कोणासहि सांगतां यावें. उदाहरणार्थ, "चाळीस कुटुंबांच्या मिळून साठ एकर जमिनीवर रब्बी ज्वारीस चार पाण्यांची खात्री करणें." या एका वाक्यांत किती कुटुंबें, किती क्षेत्र, कोणतें पीक व किती पाणी, या चारहि गोष्टी आल्या. हें वाक्य लिहितांनाच खरे मतभेद बाहेर येतात. एकास ज्वारी हवी असते, दुसऱ्याच्या मनांत डाळिंब असतें आणि तिसरा मनांतल्या मनांत उसाचा हिशेब करीत असतो. हे मतभेद वाईट नाहींत. ते लपून राहणें मात्र वाईट, कारण त्या तिघांच्या मनांतील योजना तीन निरनिराळ्या आहेत आणि त्यांस लागणारें पाणीहि निरनिराळें आहे.

हेतूच्या खालीं सभासदांची यादी जोडावी. तींत प्रत्येकाचा गट नंबर, योजनेंत येणारें क्षेत्र, घरांतील माणसांची संख्या आणि जमीन कोणाच्या नांवें आहे, हें असावें. जमीन आईच्या किंवा विधवा भावजयीच्या नांवें असतां सही मात्र भलत्यानेंच केली, असें पुष्कळदां घडतें. आणि वांटप होऊन तंटा उभा राहिला, कीं ती सही निरुपयोगी ठरते. जिच्या नांवें जमीन, तिलाच सभासद करावें व बैठकीस बोलवावें.

२. पाणी किती लागेल आणि किती मिळेल

एक एकर क्षेत्रावर एक इंच पाणी उभें करण्यास सुमारें १०३ घनमीटर, म्हणजे एक लक्ष तीन हजार लिटर पाणी लागतें. हा आंकडा प्रत्येक सभासदानें पाठ करावा. ज्वारीस एका पाळीला तीन इंच पाणी धरलें, तर एकरीं ३०८ घनमीटर होतें. चार पाळ्यांस १,२३४ घनमीटर. नळाची गळती, चाऱ्यांतील मुरणें व बांधावरून वाहून जाणें यांत पांचवा हिस्सा जातो असें मानलें, तर उगमापाशीं एकरीं १,५४० घनमीटर उचलावें लागेल. आणि साठ एकरांस सुमारें ९२,५०० घनमीटर.

आतां उसाचा विचार करूं. उसाला वर्षांत चोवीसच पाळ्या धरल्या, तरी त्या ज्वारीच्या सहापट होतात. म्हणजे एका सभासदानें एक एकर ऊंस लावला, कीं त्यानें सहा एकर ज्वारीचें पाणी घेतलें. साठ एकरांच्या योजनेंत दहाच एकर ऊंस शिरला, तर तेवढ्यानेंच सगळें पाणी संपतें. शिवाय ज्वारीचें पाणी हिवाळ्यांतच लागतें. उसाला तें ऐन उन्हाळ्यांतहि लागतें, आणि तेव्हां उगमापाशीं पाणी नसतें. म्हणून कोणतें पीक घ्यावयाचें नाहीं, हेंहि आरंभींच लिहावें लागतें.

मागणी समजली, आतां उगम मोजावा. तो चांगल्या वर्षींच्या भाद्रपदांत मोजूं नये. ज्या पंधरवड्यांत चौथी पाळी पडावयाची, त्या पंधरवड्यांत तो मोजावा. ओढ्या-नदीचा प्रवाह मोजण्याची सोपी रीति अशी. सरळ व सारख्या रुंदीचा वीस मीटर पट्टा निवडावा. वरच्या टोंकास लांकडाचा हलका तुकडा सोडून खालच्या टोंकास येण्यास किती सेकंद लागतात तें पाहावें. असें चार-पांच वेळां करून सरासरी काढावी. समजा पन्नास सेकंद लागले, तर पृष्ठावरील वेग सेकंदास ४० सेंटिमीटर झाला. तळाशीं पाणी सावकाश चालतें, म्हणून त्याचे आठ-दशांश, म्हणजे ३२ सेंटिमीटर धरावे. रुंदी तीन मीटर व सरासरी खोली २० सेंटिमीटर असेल, तर प्रवाह सेकंदास सुमारें १९० लिटर येतो. विहीर असेल तर पंपानें पाणी खालीं नेऊन रात्रभरांत तें किती चढलें तें पाहावें. सहा मीटर व्यासाच्या विहिरींत पाणी एक मीटर चढलें, म्हणजे २८,३०० लिटर आलें.

एवढ्यानें काम भागत नाहीं. १९७२, २०१२, २०१५ व २०१८ या टंचाईच्या वर्षीं येथें पाणी कोणत्या महिन्यापर्यंत होतें, हें गांवांतील जाणत्या माणसांस विचारून लिहून ठेवावें. वरच्या अंगास कोणते बंधारे झाले आहेत, खालच्या गांवांची पिण्याच्या पाण्याची विहीर याच प्रवाहावर आहे काय, हेंहि पाहावें. जें पाणी वाहतांना दिसतें, तें सर्व आपलें नसतें.

३. उंची, नळ व पंप

पंप किती अश्वशक्तीचा घ्यावा, हा प्रश्न सर्वांत आधीं विचारला जातो. वास्तविक तो बऱ्याच प्रश्नांनंतरचा आहे. पाणी दर सेकंदास किती हवें व तें एकंदर किती उंच चढवावयाचें, हें ठरल्यावर अश्वशक्ति आपोआप निघते.

आमच्या उदाहरणांत वीस दिवसांची पाळी धरूं. साठ एकरांच्या एका पाळीस २३,१०० घनमीटर, म्हणजे रोज सुमारें १,१६० घनमीटर पाणी उचलावयाचें. वीज दिवसाचे आठ तास मिळाली, तर सेकंदास ४० लिटर झाले. पण वीज सहाच तास टिकली, तर तीच पाळी पुरी होण्यास वीसाऐवजीं सत्तावीस दिवस लागतील, आणि शेवटच्या शेतांतील ज्वारी तोंवर करपेल. म्हणून कागदावरचे तास धरूं नयेत; शेजारच्या पंपांस गेल्या हंगामांत खरोखर किती तास वीज मिळाली, तें विचारून धरावे.

उंची दोन प्रकारची असते. उन्हाळी पाण्याच्या पातळीपासून वरच्या हौदापर्यंतची सरळ उंची ही एक. ती दुर्बीण लावून मोजून घ्यावी, डोळ्यांनीं अंदाजूं नये. दुसरी नळांतील घर्षणाची. ती दिसत नाहीं, परंतु तिचे पैसे मात्र भरावे लागतात. समजा सरळ उंची ४५ मीटर आहे व नळाची लांबी १,३०० मीटर आहे. आंतून २०० मिलिमीटर व्यासाचा नळ घातला, तर सेकंदास ४० लिटर नेण्यास घर्षणाचे सुमारें दहा मीटर होतात, आणि एकंदर उंची ५५ मीटर येते. खर्च वांचवावा म्हणून १६० मिलिमीटरचा नळ घातला, तर घर्षणच २८-२९ मीटर होऊन एकंदर उंची ७४ मीटरांच्या आसपास जाते. नळाच्या खरेदींत जें एकदां वांचलें, तें विजेच्या बिलांत दरवर्षीं तिसऱ्या हिश्शानें अधिक भरावें लागतें. विक्रेत्याचा कागद एकदांच्या खर्चाचा असतो. आपण तो दहा वर्षांच्या खर्चाशीं ताडून पाहिला पाहिजे.

पंचावन्न मीटर उंचीस सेकंदाला ४० लिटर पाणी नेण्यास ४५ ते ५० अश्वशक्तीचा पंप लागतो. पंप व मोटर मिळून दिलेल्या विजेपैकीं सहा-दशांशच उपयोगी पडते असें धरलें, तर हजार घनमीटर पाणी इतकें वर चढविण्यास सुमारें २५० युनिटें जळतात. यावरून हंगामाच्या ९२,५०० घनमीटरांस २३,१०० युनिटें लागतील. हा आंकडा पुढील हिशेबाचा पाया आहे.

४. पैसा

भांडवली खर्चाचीं निदान तीन दरपत्रकें मागवावीं आणि तीं सर्व सभासदांपुढें वाचावीं. त्यांत उगमापाशींची विहीर, पंपघर, पंप व मोटर, स्टार्टर, मुख्य नळ, वरचा हौद, वांटणीचे नळ, वीजजोड व रोहित्र, पिकाची नुकसानभरपाई आणि दस्तांचा खर्च, हीं सर्व कलमें आहेत कीं नाहींत तें पाहावें. वांटणीचे नळ व वीजजोड हीं दोन कलमें कमी दाखविलीं जाण्याचा संभव अधिक. आणि पैसे संपून काम हौदाशीं थांबलें, कीं हौदाजवळचीं शेतें तेवढीं भिजतात व वादास तोंड फुटतें.

चालू खर्चाची चौकशी याहून अगत्याची आहे. विजेचा दर बदलत असतो. समजा तो युनिटास पांच रुपये धरला, तर आमच्या योजनेचें हंगामी बिल १,१५,५०० रुपये, म्हणजे एकरीं १,९२५ रुपये होईल. याखेरीज मंजूर अश्वशक्तीवर स्थिर आकार असतो, आणि पंप बंद असला तरी तो भरावा लागतो. २०२४ सालीं राज्य शासनानें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मोफत विजेची योजना जाहीर केली. परंतु सामाईक योजनेचा पंप बहुधा त्याहून मोठा असतो, म्हणून त्या सवलतीवर हिशेब बांधूं नये. विजेच्या पुढें पाणकऱ्याचा पगार, दुरुस्ती, शासनाची पाणीपट्टी व कर्जाचा हप्ता मांडावा. शेवटीं घसारा निधि मांडावा. मोटर आज ना उद्यां जळणार, पंप झिजणार. त्या दिवशीं वर्गणी गोळा करूं लागणें म्हणजे उभें पीक वाळत ठेवणें होय.

या सर्वांची बेरीज करून तिला एकरांनीं भागावें, आणि येणारा आंकडा पाण्यामुळें वाढणाऱ्या उत्पन्नाशीं ताडावा. हें उत्पन्न चांगल्या भावाचें धरूं नये. ज्या वर्षीं बाजार पडला व पीकहि मध्यमच आलें, त्या वर्षाचें धरावें. त्या वर्षींहि सभासद पट्टी भरूं शकत असेल, तरच योजना पुढें न्यावी. भरूं शकत नसेल, तर उंची कमी करतां येते काय, क्षेत्र कमी करतां येतें काय, ठिबकानें पाणी वांचतें काय, हें पाहावें. तरीहि बेरीज जुळत नसेल, तर योजना सोडून द्यावी. मोजमाप करून सोडून दिलेल्या योजनेनें गांवाचें कांहीं बुडत नाहीं. न मोजतां केलेल्या योजनेनें मात्र जमीन गहाण पडते.

५. वांटणी, आणि विशेषतः तुटीच्या वर्षाची वांटणी

आतां आम्ही या पाठाच्या मुख्य भागास आलों. भरपूर पाण्याच्या वर्षीं कोणतीहि वांटणी चालते. जी वांटणी निम्म्या पाण्याच्या वर्षीं टिकते, तीच खरी. म्हणून पहिल्याच बैठकींत असा प्रश्न मांडावा : "९२,५०० घनमीटरांच्या जागीं ४६,००० घनमीटरच मिळाले, तर काय करावयाचें?" प्रत्येकानें निम्मेंच क्षेत्र पेरावयाचें, कीं सर्व क्षेत्रास दोनच पाणी, तेंहि पोटरींत येतांना व दाणा भरतांना, द्यावयाचें? कीं अल्पभूधारकांस पुरें व बाकीच्यांस उरलेलें? या तिहींपैकीं कोणतेंहि उत्तर चालेल. उत्तर नसणें मात्र चालणार नाहीं. आणि पेरणीपूर्वीं कोणत्या तारखेस उगमाचें पाणी मोजून हा नियम लागू करावयाचा, ती तारीखहि लिहावी. पेरणी झाल्यावर क्षेत्र कमी करण्यास कोणीहि कबूल होत नाहीं.

ही कल्पना नवी नाहीं. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आदि नद्यांवर बंधारे घालून चालविलेली फडपद्धति कित्येक शतकांची आहे. तींत भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडीत. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें आणि फडांत पिकांचा फेरपालट ठेवावयाचा, असा दंडक असे. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्य तों निरनिराळ्या फडांत असल्यामुळें पाणी कमी पडून एखादा फड सोडावा लागला, तर तोटा एकट्या-दुकट्यावर न पडतां सर्वांवर पसरे. पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या व त्यांवर देखरेखीस हवालदार नेमलेला असे, आणि त्यांचा मोबदला लाभधारकांनीं द्यावयाचा असे. शेतकऱ्यानें स्वतः बारें फोडावयाचें नाहीं, हा त्यांतील मर्माचा नियम होय.

दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणें जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं काम आरंभिलें व त्यांतून पाणी पंचायतीची कल्पना वाढली. तिचे नियम थोडे, परंतु निश्चित होते. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें. माणशीं अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल एवढेंच. भूमिहीनांसहि पाण्याचा हिस्सा. ऊंसासारखीं फार पाणी पिणारीं पिकें घ्यावयाचीं नाहींत. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाहीं. आणि भांडवलाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं स्वतः घालावयाचा. कोणास हे नियम कडक वाटतील, आणि प्रत्येक गांवीं तेच जसेच्या तसे चालतील असेंहि आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांतील क्रम ध्यानांत घ्यावा. वांटणीचे नियम आधीं मान्य केले, मग योजनेंत प्रवेश मिळाला. आपण बहुधा उलट करतों. आधीं सर्वांकडून पैसे घेतों आणि नियम पुढें पाहूं म्हणतों.

आम्हांस तीन नियम कोणत्याहि योजनेस आवश्यक वाटतात. पहिला, पाणी शेपटाकडून द्यावें. शेवटच्या शेतापासून पाळी सुरू करून तोंडाशीं संपवावी. तोंडाचें शेत मागें राहिलें तर त्याचा मालक आरडाओरडा करून पाणी पोंचवितोच. शेपटाच्या मालकाचें कोणी ऐकत नाहीं. दुसरा, पाणी तासांवर न मोजतां मीटरनें मोजावें, कारण दाब कमी असतां शेपटाच्या तासांत तोंडाच्या तासाइतकें पाणी येत नाहीं. सिंचन व्यवस्थापनांत शेतकऱ्यांच्या सहभागाविषयींच्या २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानेंहि पाणीवापर संस्थांस घनमापानेंच पाणी देण्याचें तत्त्व स्वीकारलें आहे. तिसरा, ज्याची पट्टी थकली त्याची पुढची पाळी बंद, मग तो अध्यक्ष असो कीं त्याचा जांवई.

६. हक्क व परवानग्या

नदींतून किंवा तलावांतून पाणी उचलण्यास जलसंपदा खात्याची परवानगी लागते. तींत किती पाणी, कोणत्या हंगामांत व किती क्षेत्रास, हें लिहिलेलें असतें. तें आपल्या हेतूच्या वाक्याशीं जुळतें कीं नाहीं तें पाहावें. परवानगी रब्बीची असतां उन्हाळी पिकाचा हिशेब करणें ही स्वतःचीच फसवणूक होय. उगम विहिरीचा असेल, तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर घेण्यावर भूजल कायद्याचें बंधन आहे, हें लक्षांत ठेवावें.

नळ ज्यांच्या शेतांतून जावयाचा, त्यांची लेखी संमति नळाची आंखणी होतांच घ्यावी. तींत नळाची खोली, चराची रुंदी, पिकाची भरपाई आणि पुढें दुरुस्तीसाठीं शेतांत शिरण्याचा हक्क नमूद असावा. एखादा शेतकरी संमति देतच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम ४९ अन्वयें तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो. परंतु आमचा सल्ला असा कीं, शक्य तों त्यासच योजनेंत हिस्सा द्यावा. ज्याच्या बांधाखालून पाणी जातें व ज्याला तें मिळत नाहीं, त्याच्याशीं जन्माचें वैर पत्करून योजना सुखानें चालत नाहीं. उगमाची विहीर व पंपघर ज्या जागेंत आहे, ती जागा मात्र संस्थेच्या नांवें नोंदलेल्या दस्तानेंच घ्यावी. जागा एकाची व पंप सर्वांचा, या व्यवस्थेंत किल्ली शेवटीं जागेच्या मालकाकडे जाते.

७. कारभार

योजना सहकारी संस्था म्हणून १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखालीं नोंदवावी. तेथें प्रत्येक सभासदास एकच मत असतें, मग जमीन दोन एकर असो कीं वीस. नोंदणी झाली म्हणजे कारभार नीट झाला, असें मात्र नव्हे. पंपघराची किल्ली कोणाकडे, पाणकऱ्यास कोण नेमणार व कोण काढणार, पाळीची वही कोण लिहिणार, बिल कोणत्या तारखेपूर्वीं भरावयाचें, किती रकमेच्या दुरुस्तीस बैठकीची संमति लागेल, ह्या गोष्टी पोटनियमांत स्पष्ट हव्यात. दर पाळीनंतर किती युनिटें जळलीं व किती पाणी उचललें, हें चावडीवर लिहून लावावें. हजार घनमीटरांस २५० युनिटांऐवजीं ३२० लागूं लागलीं, तर पंप झिजला, नळ फुटला किंवा कोणी चोरून पाणी घेत आहे, हें या दोन आंकड्यांवरून साऱ्या गांवास कळतें.

सभासद वारला, जमीन विकली गेली, भावांत वांटणी झाली, किंवा कोणी योजनेंतून बाहेर पडूं इच्छिलें, तर त्याच्या हिश्शाचें व कर्जाचें काय, हेंहि लिहावें. आज अशा गोष्टी काढणें अभद्र वाटतें. पण दहा वर्षांत चाळीस घरांपैकीं कांहींत तरी यांतलें कांहीं घडणारच.

८. कामाचा क्रम

खरेदीचा क्रम चुकल्यानेंहि पुष्कळ पैसा वायां जातो. आधीं पाण्याची परवानगी, नंतर संमतिपत्रें, नंतर वीजजोडाची मंजुरी, नंतर कर्ज, मग बांधकाम व नळ, आणि सर्वांत शेवटीं पंप व मोटर, असा क्रम ठेवावा. वीजजोड मिळण्यापूर्वीं मोटर आणून ठेवली, तर तिच्या हमीची मुदत गोणपाटाखालींच सरते, आणि कर्जाचें व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतें. चर खणण्याचें काम रब्बीची काढणी व मृगाचा पाऊस यांच्यामध्यें बसविलें, तर पिकाची भरपाई जवळजवळ लागत नाहीं. नळ झांकण्यापूर्वीं त्यांत पूर्ण दाबानें पाणी सोडून सांधे तपासावे आणि त्यानंतरच मक्तेदाराचा शेवटचा हप्ता द्यावा.

शेवटीं एक सूचना करून हा पाठ संपवितों. वर सांगितलेलें सर्व चार-पांच पृष्ठांत मावतें : हेतूचें वाक्य, सभासदांची यादी, पाण्याचा हिशेब, उंची व नळाचा हिशेब, खर्चाची एकरीं बेरीज, वांटणीचे नियम, तुटीच्या वर्षाचा नियम, परवानग्या, कारभार व कामाचा क्रम. हा कागद गांवसभेंत मोठ्यानें वाचावा, एक महिना चावडीवर लावून ठेवावा आणि मगच सह्या घ्याव्या. त्या महिन्यांत कांहीं जण मागें हटतील; त्यांस दोष देऊं नये. तीस जणांनीं समजून सही केलेली योजना चाळीसांनीं न वाचतां सही केलेल्या योजनेपेक्षां भक्कम असते. ज्यास अक्षरओळख नाहीं, त्याच्यापाशीं बसून तुटीच्या वर्षाचा नियम त्यास दोनदां समजावून सांगावा. कारण बहुधा त्याचेंच शेत शेपटाशीं असतें, आणि बोजा मात्र त्याच्या सात-बारावरहि तेवढाच चढावयाचा असतो.